चिकट सापळा, गोडंतेल आणि दहा ग्रॅमचा पाहुणा: एका माशीमाराचे अकरा दिवस

माशीमार या किडे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्याचं हे प्रकरण सातारा जिल्ह्यातलं, काही हिवाळ्यांपूर्वीचं. गावाचं नाव, माणसांची नावं आणि नेमक्या तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत. पक्षी वाचवण्याच्या बऱ्याच गोष्टी शेवट गोड झाला म्हणून सांगितल्या जातात. या गोष्टीचा शेवट मला आजही नीट माहीत नाही. वाटेत आमचं जे चुकलं आणि जिथे आम्ही अडलो, ते सांगावंसं वाटतं.

पार्श्वभूमी

महाबळेश्वर आणि पाचगणीच्या मधल्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर स्ट्रॉबेरीची रोपं लागतात. नोव्हेंबरअखेर तोडा सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे पिकाचा भर नेमका कडाक्याच्या थंडीत. वेण्णा तलाव, लिंगमळा या बाजूला डिसेंबर-जानेवारीत दव गोठून गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर बसल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या रात्री महाबळेश्वर गावात मात्र पारा शून्याच्या बराच वर असतो. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत खळग्यात येऊन साचते, आणि वरच्या टेकाडावर त्या मानाने ऊब राहते. हा मुद्दा पुढे पक्षी कुठे सोडायचा हे ठरवताना उपयोगी पडला.

ज्या शेतात हे घडलं ते अशाच खळग्यातलं. मालक साठीचे, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी दोन वर्षांपासून फवारण्या कमी करून वाफ्यांवर चिकट सापळे लावायला सुरुवात केली होती. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे. काठीला अडकवलेलं प्लास्टिकचं कार्ड आणि त्यावर न वाळणारा डिंकासारखा थर, एवढंच ते असतं. रंगाला भुलून किडे येतात आणि चिकटतात. विष कमी मारणाऱ्या शेतकऱ्याच्याच शेतात पक्षी अडकला, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं.

थंडीच्या सकाळी किड्यांवर जगणाऱ्या पाखराची अवस्था बिकट असते. दहा ग्रॅमच्या आसपासचा जीव, अंगातली उष्णता चाळीस अंशांच्या वर, आणि रात्रभर ती टिकवायला दिवसा साठवलेली चरबी जाळायची. सकाळी पोट रिकामं आणि किडे अजून गारठून पानाखाली दडलेले. अशा वेळी पिवळं कार्ड म्हणजे कुणीतरी वाढून ठेवलेलं ताटच. शंभर किडे एका जागी, आणि एकही उडून जाणार नाही.

त्या सकाळी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पावणेआठला आबांच्या सुनेचा फोन आला. मी वाईत राहतो. पक्षी बघायचा जुना नाद आहे, त्यामुळे आसपासच्या गावांत कुठे घुबडाचं पिल्लू पडलं की माझा नंबर फिरतो.

"दादा, पिवळ्या कार्डाला पाखरू चिकटलंय. जित्तं हाय. आबा म्हणत्यात डिझेल लावू, लगी सुटंल."

फोटो आला. चिमणीपेक्षा लहान, पाठ करडी-तपकिरी, गळा नारिंगी. एक पंख पूर्ण, शेपटी आणि छातीची एक बाजू कार्डाला चिकटलेली. डोळे अर्धे मिटलेले.

त्या क्षणी तीन पर्याय होते. ओढून काढायचं: दोन सेकंदांचं काम, पण पिसांबरोबर कातडीही निघते आणि पंखाचं हाड मोडतं. डिझेल किंवा थिनर: गोंद सुटतो, पण पातळ कातडी भाजते, आणि ते श्वासातून आत गेलं की एवढा जीव तासाभरात संपतो. तिसरा, कार्डासकट पक्षी उतरवायचा आणि सोडवण्याचं काम उबेत, सावकाश करायचं.

मी डिझेलला स्पष्ट नाही म्हणालो. एवढं बरोबर केलं. लगेच पुढचं वाक्य बोललो: "गोडंतेल लावा."

किती, कुठे, कशाने, काही सांगितलं नाही. घाईत गाडीची किल्ली शोधत होतो. तिकडे वहिनींनी, म्हणजे आबांच्या सुनेने, मन लावून, पाखराला दुखू नये म्हणून, अर्धी वाटी शेंगतेल वरून ओतलं. पाखरू सुटलं. मी पसरणी घाट चढून तासाभराने पोचलो तेव्हा ते टोपलीखाली होतं, अंगाला अंग चिकटलेलं, मान आत ओढलेली, आणि थंडीने त्याचं थरथरणंही थांबलेलं. थरथरणारा पक्षी अजून लढत असतो. तो थरथरायचा थांबला की काळजी करायची.

पिसांमध्ये अडकलेली हवा हेच पक्ष्याचं स्वेटर. तेलाने ती हवा जाते. गोंदाने एक पंख बांधला होता, माझ्या अर्धवट सल्ल्याने सगळं अंग उघडं पडलं.

तिथे करायला हवं होतं ते इतकंच: कार्डाचा मोकळा चिकट भाग पिठाने किंवा कागदाच्या तुकड्यांनी झाकायचा, म्हणजे दुसरा पंख चिकटत नाही. पक्ष्याभोवतीचं कार्ड कात्रीने कापायचं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, आत सुती फडकं घालून त्यात ठेवायचं. खोकं अंधारात, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. चोचीत पाणी, दूध, काहीही ओतायचं नाही, कारण पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते आणि ओतलेलं सरळ फुप्फुसात जातं. तेलाचं काम नंतर, कानकोरणीच्या कापसाने, थेंबाथेंबाने. हे सगळं मला फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

दुसरी चूकही माझीच

बाटल्या गरम होईस्तोवर मी त्या फोटोकडे नीट पाहिलं. नारिंगी गळ्याला कडेने काळसर किनार दिसत होती.

आपल्याकडे हिवाळ्यात नारिंगी गळ्याचा जो माशीमार सर्रास येतो तो लाल छातीचा. जुन्या मराठी पुस्तकांत या कुळाला लिटकुरी म्हणतात, आणि ते नाव मला जास्त आवडतं. त्याच्या गळ्याला काळी किनार नसते. काळी किनार असते ती काश्मिरी माशीमाराला. तो काश्मीर आणि पीर पंजालच्या जंगलांत घरटी करतो आणि हिवाळा मुख्यतः श्रीलंकेच्या डोंगराळ भागात काढतो. तिथल्या नुवारा एलियाच्या बागेत त्याला बघायला लोक देशोदेशींहून जातात. जगभरात त्याची संख्या थोडी. सह्याद्रीत जाता-येता क्वचितच दिसणार. डिसेंबरअखेर तो महाबळेश्वरच्या खळग्यात काय करतोय?

मी फोटो आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. "काश्मिरी?" एवढंच लिहिलं, आणि सवयीने खाली जागेचं नाव.

दुपारी बारापर्यंत आबांच्या बांधाला तीन गाड्या लागल्या होत्या. मोठमोठ्या लेन्सा घेतलेली, सज्जन, पक्ष्यांवर खरं प्रेम असलेली माणसं. प्रत्येकाला खोक्याचं झाकण फक्त एकदा उघडून हवं होतं. "फ्लॅश नाही मारत काका, एकच फोटो." त्या पक्ष्याच्या जागी बुलबुल असता तर कुणी फिरकलं नसतं, आणि त्या बुलबुलाला अंधारात दोन तास निवांत मिळाले असते.

शेवटी वहिनींनी खोकं उचलून चुलीजवळच्या खोलीत नेलं आणि दाराला आतून कडी घातली. "बाळंतिणीच्या खोलीत येता का असं?" असं त्यांनी विचारल्यावर अंगणात कुणी काही बोललं नाही.

कुठे न्यायचं

दरम्यान १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवलं होतं आणि त्या भागाचे वनरक्षक येऊन पोचले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पक्षी कितीही चांगल्या हेतूने घरी ठेवणं गुन्हाच. त्यामुळे पुढचा निर्णय त्यांच्यासमोर, त्यांच्या पंचनाम्यासह झाला.

पर्याय दोन. पुण्याला वन्यप्राण्यांच्या उपचाराची सोय आहे: सराव असलेले डॉक्टर, योग्य खाद्य, योग्य पिंजरे. नेहमीच्या दिवशी मी दुसरा विचारच केला नसता. पण तो वर्षअखेरचा शनिवार होता. पसरणी घाटात खालून वर पर्यटकांची रांग, पुढे महामार्गावर खंबाटकीची कोंडी. तीन तासांचे पाच होणार. तेलाने भिजलेला, उपाशी, दहा ग्रॅमचा पक्षी पाच तास गाडीच्या हादऱ्यांत. दुसरा पर्याय वाईतल्या जनावरांच्या डॉक्टरताई. त्यांचा हात म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्यावर बसलेला, एवढं लहान पाखरू कधी हाताळलेलं नाही. पण त्या पाऊण तासावर होत्या.

पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी जगवा, मग हलवा. आज ऊब आणि पोटात अन्न, धुणं उद्या. त्या सांगतील तसं डॉक्टरताई करतील आणि प्रकृती सावरली की पुण्याला न्यायचं का ते पाहू, असं ठरलं. वनरक्षकांनी तसं कागदावर घेतलं. वाहतूक कमी असती तर मी आजही पुणेच निवडेन. जवळचा डॉक्टर बरा, हा काही नियम नव्हे.

पहिली रात्र

डॉक्टरताईंनी वजन करायचं म्हटलं आणि तिथेच अडलो. दवाखान्यातला काटा शेळीपासून पुढचा. स्वयंपाकघरातल्या काट्याला इतकं हलकं काही कळेना. शेवटी पेठेतल्या ओळखीच्या सराफाकडून सोन्याचा काटा आणला. कापडी पिशवीत पाखरू, पिशवीचं वजन वजा जाता ८.२ ग्रॅम. दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं. यात अंगावरचं तेल आणि गोंदही आले, म्हणजे पक्षी खरा किती, देव जाणे.

उबेसाठी कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्या एका ओळखीच्याकडून ब्रूडरचा बल्ब मिळाला. खोक्याच्या एका टोकाशी बल्ब, दुसरं टोक गार, म्हणजे पक्ष्याला हवं तिथे सरकता येतं. उबेच्या बाजूला तीस अंशांच्या आसपास राहील असं थर्मामीटर लावून पाहिलं. रात्री दोनला वीज गेली. तिथून पहाटेपर्यंत मी आणि डॉक्टरताईंचे यजमान आळीपाळीने पाण्याच्या बाटल्या गरम करत बसलो होतो.

खाणं हा मोठा प्रश्न. माशीमार हलणारं भक्ष्य टिपतो. मेलेला किडा समोर ठेवला तर त्याच्या लेखी तो नाहीच. कुणीतरी उकडलेल्या अंड्याचा बलक सुचवला, कुणी भिजवलेला पाव. दोन्ही नको म्हटलं. संध्याकाळी मंडईतल्या फळवाल्याकडून टाकाऊ केळ्यांचा क्रेट आणला, त्यावर चिलटांचा ढग. आणि डॉक्टरताईंच्या परसातल्या लाकडांच्या ढिगात वाळवी निघाली. पहिल्या चार वाळव्या चिमट्याने चोचीच्या कडेला धरून द्याव्या लागल्या. पाचवी त्याने स्वतः ओढून घेतली. वाळवीचं इतकं कौतुक त्या घरात आधी कधी झालं नसेल.

साबण, पाणी आणि चार पिसं

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली धुलाई. भांडी घासायचा सौम्य साबण, भरपूर पाणी घालून पातळ केलेला, पाणी पक्ष्याच्या अंगाइतकंच गरम. पिसाच्या मुळाकडून टोकाकडे, मऊ ब्रशने, उलटं कधीच नाही. एकाने धरायचं, एकाने धुवायचं, आणि दहा मिनिटं झाली की काम अर्धं असलं तरी थांबायचं. मग दोन-तीन वेळा स्वच्छ गरम पाणी, कारण साबण राहिला तर पिसं पुन्हा भिजतातच. आणि बल्बखाली वाळवणं.

तेल बरंचसं निघालं. गोंद राहिला. संध्याकाळी वजन ७.९. घाबरलो, पण पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या की निघालेल्या तेलाचं वजन धरा. दुसरी धुलाई चौथ्या दिवशी.

त्यानंतर या प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय समोर आला. उजव्या पंखाची चार मोठी पिसं अजून गोंदाने एकमेकांना चिकटलेली. डॉक्टरताईंचं मत: कापून टाकू. प्रत्येक धुलाईत पक्षी मरणाच्या जवळ जातो, तिसरी कशाला? त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. दुसऱ्या धुलाईत पक्ष्याने चोच उघडून धापा टाकायला सुरुवात केली होती आणि आम्हाला मध्येच थांबावं लागलं होतं.

पण पिसाचं गणित वेगळं असतं. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं. कापलेल्या पिसाचा देठ मात्र त्वचेत तसाच राहतो, आणि पुढची पिसं झडण्याची वेळ येईपर्यंत नवं पीस उगवत नाही. अशा स्थलांतरी माशीमारांची ती वेळ म्हणजे विणीनंतरचा उन्हाळा. आम्ही जानेवारीच्या तोंडावर होतो. चार पिसं कापायची म्हणजे त्याला सात-आठ महिने पिंजऱ्यात ठेवायचं. मार्च-एप्रिलात उत्तरेला जायची ओढ लागेल तेव्हा तो जाळीवर धडका देईल, आणि एक विणीचा हंगाम जाईल.

"मग उपटून काढू," डॉक्टरताई म्हणाल्या. तेही पाहिलं. पंखाची मोठी पिसं पार हाडापर्यंत रुजलेली असतात. उपटताना मुळाला इजा झाली तर पीस वाकडं येतं किंवा येतच नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला: तिसरी धुलाई, पण आत्ता नाही. वजन नऊच्या वर जाईपर्यंत फक्त खाणं आणि अंधार. दरम्यान त्या चार पिसांना रोज संध्याकाळी कापसाने तेलाचं एक बोट. सातव्या दिवशी सकाळी काट्यावर ९.१ आलं. दुपारी धुलाई. चारपैकी तीन पिसं सुटी झाली, चौथ्याचं टोक तुटलं.

दुर्मिळ की नेहमीचा?

या सगळ्या काळात माझा फोन थांबत नव्हता. ठरलं का? कोणता? काळी किनार खरी की मळ?

शंका रास्त होती. गोंदावर धूळ बसते, किड्यांचे पाय-पंख चिकटतात, तेलाने सगळं गडद दिसतं. फोटोतली ती किनार घाण असू शकत होती. ती गळ्यापाशी धुतली तर कळलं असतं. आणि मी कबूल करतो, दुसऱ्या धुलाईत माझा हात पंखाऐवजी गळ्याकडे जात होता. डॉक्टरताईंनी विचारलं, "तिथे गोंद आहे का?" नव्हता. नावासाठी धूत होतो.

सहाव्या दिवशी एका अनुभवी पक्षीनिरीक्षकाने विनंती केली की आणखी आठवडाभर पक्षी ठेवा, आम्ही येऊन हातात धरून मोजमापं आणि फोटो घेतो. नोंद महत्त्वाची ठरेल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण आणखी आठवडा म्हणजे तेरावा दिवस. तो त्याआधी उडण्याजोगा झाला तर केवळ नोंदीसाठी ठेवायचा? वनरक्षक म्हणाले, "पाहुण्याला मुक्काम वाढवायला लावताय, कारण तो मोठ्या घरचा आहे म्हणून?" मी नकार कळवला. ते नाराज झाले, अजूनही थोडे आहेत.

तिसऱ्या धुलाईनंतर डाव्या बाजूची किनार तशीच राहिली, सुबक, पिसापिसात रंगलेली. उजव्या बाजूची पिसं कार्डावरच गेलेली. वजन करताना काढलेले तीन फोटो तीन जाणकारांना पाठवले, यावेळी जागा न सांगता. दोघांनी काश्मिरी म्हटलं. तिसऱ्याने एकाच बाजूवर ठरवणार नाही म्हटलं. त्याचंही बरोबरच.

केव्हा आणि कुठे सोडायचं

डॉक्टरताईंच्या मागच्या खोलीत दोन मच्छरदाण्या जोडून तंबू केला, आत बाभळीच्या दोन फांद्या आणि खाली केळ्यांची थाळी. आठव्या दिवशी तो फांदीवरून सुटला, हवेत चिलट टिपलं आणि त्याच फांदीवर परत आला. दहाव्या दिवसापर्यंत सकाळच्या तासाभरात मोजता येणार नाही इतक्या झेपा. अंगावर पाण्याचा फवारा मारला तर थेंब घरंगळून जात होते, म्हणजे पिसं पुन्हा पाणी झटकायला लागली होती.

राहिली शेपटी. निम्मी पिसं गेलेली, नवीन कोंब नुकते दिसत होते. पूर्ण यायला तीन-चार आठवडे. थांबावं का? शेपटीशिवाय वळणं अवघड, शिकऱ्याच्या तावडीत सापडण्याची भीती. थांबलो तर मच्छरदाणीला घासून उरलेली पिसं झिजणार, आणि तो माणसाला सरावणार. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "झेप चुकते का?" चुकत नव्हती. मग सोडा, म्हणाल्या.

सापडला तिथेच सोडायचा, ही साधारण रीत. पण आबांचं शेत खळग्यात, आणि आजूबाजूच्या प्रत्येक वाफ्यावर तीच पिवळी कार्डं. वनरक्षकांना सदाहरित झाडीची एक कड माहीत होती, शेतापासून किलोमीटरभर अंतरावर पण टेकाडाच्या पूर्व उतारावर. थंड हवा तिथून खाली वाहून जाते, सकाळचं ऊन आधी येतं आणि किडेही लवकर हलू लागतात.

अकराव्या दिवशी, थंडीची लाट ओसरल्यावर, सकाळी नऊला खोकं उघडलं. आम्ही चौघंच: वनरक्षक, डॉक्टरताई, वहिनी आणि मी. वजन ९.६. तो सहा-सात सेकंद कडेवर बसला, शेपटी, म्हणजे जी काही होती ती, वर केली आणि जांभळाच्या खालच्या फांदीत गेला. डॉक्टरताईंनी वाळवीची डबी उघडी ठेवली. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

निकाल

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच दिसला, अर्ध्या शेपटीमुळे ओळखायला सोपा. चौथ्या दिवशी वनरक्षकांनी पाहिला. त्यानंतर नाही. जंगलात रुळला, पुढे गेला की संपला, यातलं काय ते कळायला मार्ग नाही. नोंदवहीत वनरक्षकांनी जातीच्या रकान्यात "माशीमार" एवढंच लिहिलं आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

फोन आल्यावर पहिला शब्द "पीठ" असेल, तेल नव्हे. फोनवर सल्ला देताना समोरच्याला परत म्हणून दाखवायला सांगेन. फोटो ओळखीसाठी एकालाच पाठवेन, जागेशिवाय. सराफाचा काटा, ब्रूडरचा बल्ब आणि बुटाचं खोकं आता माझ्या घरी एकत्र ठेवलेलं आहे. काटा जुना आहे, त्यांनी देऊनच टाकला.

शेपटीबाबत माझं मत अजून डळमळतं. आणखी दहा दिवस ठेवला असता तर? डॉक्टरताई म्हणतात, नाही. मी काही रात्री म्हणतो, हो.

आणि दुसऱ्या दिवशी, वाहतूक ओसरल्यावर, पुण्याला हलवण्याचा विषय आम्ही पुन्हा नीट काढलाच नाही. पक्षी खायला लागला होता, आम्हाला हुरूप आला होता. खरं कारण बहुधा हेच की असा पाहुणा हातातून द्यायला जिवावर आलं. तो बरा झाला म्हणून तो निर्णय झाकला गेला.

सापळ्यांचं काय झालं

आबांना सापळे काढा म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "काढतो. मग फवारणी तुमी सांगाल ती मारतो." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली बारीक जाळी आणली आणि प्रत्येक कार्डाभोवती तिचा पेटीसारखा पिंजरा केला, कार्डापासून चार बोटं लांब. मावा, फुलकिडे आत जातात, चोच आणि पंख बाहेर राहतात. शिवाय ज्या वाफ्यात किडे मोजून झाले आणि प्रमाण कमी दिसलं तिथली कार्डं उतरवून ठेवायची, उगाच टांगून ठेवायची नाहीत. शेजारच्या दोघांनी तसं केलं. तिसऱ्याने एका पाखरासाठी जाळीचा खर्च कशाला म्हणून सोडून दिलं.

फेब्रुवारीत गेलो तर आबांच्या पाच-सहा सापळ्यांच्या जाळ्या बाजूला पडलेल्या. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "पालापाचोळा अडकतोय दादा, आन् किडं मोजायचं तर रोज तार सोडायची व्हय?" बरोबर होतं. आम्ही बांधावर बसून जाळीच्या पुढच्या बाजूला तारेची बिजागरी केली, दारासारखी उघडणारी. दुपारपर्यंत अकरा झाल्या.